धारूरकरणीची मोटार

कंदील असाच राहू द्या. सांगण्यासारखं जे आहे ते सगळं भर दुपारी घडलं, पण उजेडाशेजारी बसूनच ते सांगता येतं.

वैशाखात मला उमापूरहून धारूरला पाठवायचं ठरलं, तेही मोटारीच्या कामासाठी. लोक मोटारीतून कामाला जातात. आमच्याकडे मोटारीच्या कामाला माणसं जायची.

माझं माहेर कडा. वडील लहानपणीच गेले. चुलत्यांनी माझ्यासाठी मुलगा पाहिला, म्हणजे दारातली मोटार पाहिली आणि होकार दिला. उमापूरला सुंदररावांच्या घरी, त्यांच्या मुलाला, बद्रीनाथांना, मी दुसरेपणावर दिली गेले. घरात मला नावानं कुणी हाक मारत नसे. मी कडेकरीण. माझ्या आधीची छबुबाई, ती धारूरकरीण. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाताना तिला वाटेत ताप भरला, ताप डोक्यात गेला आणि ती गेली, एवढंच मला ठाऊक होतं. त्याहून जास्त विचारलं की सासूबाई, केशरबाई (मी त्यांना आत्याबाई म्हणायची), मला दूध उतू चाललंय का ते बघायला पाठवायच्या. दूध कधीच उतू जात नसे.

दुसरेपणाच्या बायकोच्या गळ्यात पहिलीचा टाक घालतात. सोन्याच्या पातळ पत्र्यावर ठोकलेली एवढीशी बाई. तिला सवतच म्हणतात. नवं लुगडं आलं की आधी तिला दाखवायचं. सणाचं पान वाढलं की पहिला घास तिच्यापुढे धरायचा. "आदी तिला, मग तुला," आत्याबाई सांगायच्या. "ती राजी तर घर राजी." मी मुकाट दाखवायची. गळ्यातल्या बाईनं कधी लुगड्याला नावं ठेवली नाहीत, हे मात्र कबूल करायला हवं.

मोटार तिच्याच आंदणातली. तिचे वडील अर्जुनराव धारूरचे मोठे जमीनदार. कापसाला भाव आला त्या साली त्यांनी हैदराबादेहून मोटार आणवली आणि लेकीबरोबर पाठवली. लेक गेली. वर्षश्राद्ध झालं. मग त्यांचा निरोप आला. मूल हाती न लागता लेक गेली की आंदणाची गाय माहेरी परत करायची रीत आहे, मोटारीचं काय करता? मामंजींनी उलट निरोप धाडला, गाय आटते, मोटार आटली की परत देऊ. त्यावर धारूरला कुणी हसलं नाही. शेवटी मध्यस्थांनी तोड काढली. दुसरेपणाची बायको ही पहिलीच्या माहेरची लेकच. तिनं धारूरला जावं, त्यांनी तिची ओटी भरावी, आणि चार माणसांसमोर तिनं "ही मोटार माझी" म्हणावं. म्हणजे आंदण आपसूक लेकीकडेच राहील.

मामंजी माझ्याशी थेट बोलत नसत. उंबऱ्याबाहेर उभं राहून ते भिंतीला म्हणाले, "कडेकरणीला सांगा, मोटार घेऊन आली तर घर हाय. नुसती आली तर कड्याचा रस्ता तिला ठावका हाय."

भिंतीनं मान हलवली नाही. मीच हलवली.

आता त्या मोटारीबद्दल. ती तापायची. बीडच्या तांबटाकडून तिच्या पाण्याच्या जाळीला डाग देऊन आणला, तरी तापायची. जिनिंगवाल्याची मोटार होती, तो म्हणाला पंख्याचा पट्टा सैल आहे. तहसीलदारांचा ड्रायव्हर म्हणाला तेल हलकं आहे. शेजारचे धर्मराजकाका कधी मोटारीत बसलेले नव्हते, त्यांनी दृष्ट काढायला सांगितली. कुणीतरी जाळीत हळद टाकायला सांगितली, तिनं गळती बुजते म्हणे. ती टाकली. त्याच आठवड्यात मलाही हळद लागली होती. दोघींपैकी कुणालाच फारसा गुण आला नाही. आमचा ड्रायव्हर सटवा एकटाच काही सुचवत नसे. "तापती तर तापू द्या," एवढंच म्हणायचा आणि पाण्याचे डबे भरून ठेवायचा.

निघायच्या दिवशी पहाटे आत्याबाईंनी मला मागच्या सीटवर बसवलं. बायकांचा गोषा, म्हणून मागच्या भागाला चारी बाजूंनी काळे चामडी पडदे. पडद्यांची बटणं बाहेरून. वाऱ्यानं उघडू नयेत म्हणून, असं म्हणायचे. मी ओटीचं बोचकं शेजारी ठेवलं.

"तिकडं नको," आत्याबाई म्हणाल्या. "मांडीवर घे."

"कावून, आत्याबाई? जागा तर रिकामी हाय."

"म्हनलं ना, तिकडं काय ठेवू नको."

त्यांनी स्वतःच्या हातानं एकेक बटण लावलं. प्रत्येक बटणासरशी आतला अंधार थोडा थोडा घट्ट होत गेला.

मोटारीतून प्रवास करणं म्हणजे जग बघणं, असं कड्याला मैत्रिणी म्हणाल्या होत्या. मी जग ऐकलं. गेवराईचा बाजार ऐकला, बीडची वेस ऐकली, एका नदीचं कोरडं पात्र चाकांखाली खडखडलं तेही ऐकलं. पुढे बसलेले माझे यजमान मधूनमधून फडक्यानं मोटारीची काच पुसायचे. त्यांचं त्या मोटारीवर फार प्रेम होतं. माझ्याशी ते चांगलेच वागायचे. फक्त माझ्याकडे बघताना त्यांची नजर माझ्या शेजारी पडायची.

ऊन चढलं. तेलगाव मागे पडलं तसा चढ सुरू झाला. सीटच्या चामड्याचा, पेट्रोलचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास आत कोंडून राहिला. मग इंजिनाच्या पोटात आधण ठेवल्यासारखा आवाज यायला लागला. मोटार दोनदा खोकली आणि उभी राहिली.

"कावून थांबली बे?" यजमान.

"जाळी तापली, मालक." सटवाचा आवाज खाली आला. "हितंच तापती."

"गप बे. डबे घे."

"डबे रिकामे हायती."

"सकाळी भरलेते ना?"

"भरलेते." रिकामा डबा खणकला. "मी सवता भरलेते, मालक."

शेतातून माणसं पळत आल्याचा आवाज आला. कुणीतरी ओरडलं, "हिचे बैल कुठं सोडले, पाव्हणं?" हशा झाला. यजमानांनी पडद्याला तोंड लावून सांगितलं, "माणसं जमलीत. आतच बस. खाली बारव हाय, पाणी घेऊन येतो." त्यांची आणि सटवाची पावलं उताराकडे गेली. जमलेली माणसंही थोड्या वेळानं लिंबाच्या सावलीला सरकली असावीत, कारण त्यांचं बोलणं पुसट होत होत थांबलं.

मग काहीच ऐकू येईना. पाखरू नाही, वारा नाही. बाहेर डोळे फुटतील एवढं ऊन आणि आत अमावास्या. घाम टाळूवरून मानेवर, मानेवरून पाठीवर उतरत होता. जीभ टाळ्याला चिकटली. पडदा थोडा तरी सरकतो का, म्हणून मी चाचपत उजवीकडे हात नेला. रिकाम्या जागेपलीकडच्या पडद्याला, बसल्यावर तोंड जिथे येतं त्या उंचीवर, चामडं एका जागी मऊ लागलं. बाकी पडदा खरखरीत, आणि तेवढीच जागा झिजलेली. कुणीतरी चाटून चाटून झिजवल्यासारखी.

बोटं ओली झाली.

मी हात मागे घेतला. आणि मग मला ऐकू आला तो आवाज. कोरडे ओठ एकमेकांपासून सुटताना होतो तसा. माझ्या उजव्या बाजूनं. मी श्वास धरला. शेजारचा श्वास चालूच राहिला.

"आलं...?"

आवाज बाईचा होता. फार दमलेला.

"काय?" मी विचारलं. भीती वाटली नाही असं नाही. पण विचारलेल्याला उत्तर द्यायची सवय.

"पाणी..."

बाहेर डब्याच्या कड्या वाजल्या. धापा टाकत पावलं वर आली.

"आलं," मी म्हणाले.

"पहिला डबा कुणाला...?"

पुढे टोपण उघडल्याचा आवाज झाला, वाफ फुसफुसली, आणि मग ढबक ढबक ढबक सगळा डबा ओतला गेला.

"मोटारीला," मी म्हणाले.

दुसऱ्या डब्याची कडी वाजली.

"आता...?"

"मोटारीलाच, अक्का."

अक्का कशी म्हणाले कोण जाणे. सवतीला म्हणतात तेच म्हणाले. ती मोठी, मी धाकटी.

मला राहवेना. मी पडद्यावर थाप मारली. "अहो, घोटभर पाणी द्या. जीव घाबरा झालाय."

"थोडं थांब. आधी ही चालू होऊ दे."

हे शब्द त्यांचेच होते. पण बाहेरून यायच्या आधी ते माझ्या शेजारून आले. तिनं आधी म्हटलं, मग ते बोलले. शब्दाला शब्द, थांबण्याला थांबणं. तिचे ते शब्द पाठ होते.

माझ्या मनगटावर हात पडला. वाळलेल्या कडब्यासारखा, हलका. त्यानं मला ओढलं नाही, नुसतं सीटवर दाबून धरलं.

"बस... माणसं बघतील..."

त्या क्षणी मला जे कळलं ते भीतीपेक्षा मोठं होतं. ही बाई तापानं गेली नव्हती. ही इथेच, याच सीटवर, याच उन्हात, हीच आज्ञा पाळत गेली होती. आणि मेल्यावरही पाळत होती. आता मलाही तिची रीत शिकवत होती.

"बघू देत, अक्का," मी म्हणाले.

मी हात सोडवून घेतला. मनगटावर भुसा चिकटल्यासारखं वाटलं. बोचकं टाकलं, दोन्ही पाय उचलले आणि पडद्यावर मारले. एक बटण तुटलं, मग दुसरं. तिसऱ्याला पडदाच फाटला आणि ऊन अंगावर कोसळलं.

डोक्यावरचा पदर मागे राहिला होता. रस्त्यावर पाय ठेवला तेव्हा लिंबाखालची माणसं उभी राहिली. यजमानांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"आत बस. लोक बघायलेत."

"लोकांना डोळे आहेत, ते बघणारच," मी म्हणाले. लग्नानंतर त्यांच्याशी बोललेलं ते माझं सर्वांत लांब वाक्य असावं.

सटवाच्या हातात तिसरा डबा होता. तो टोपणाकडे चालला होता. मी वाटेत उभी राहिले. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मालकांकडे पाहिलं, आणि डबा माझ्या पायाशी ठेवून हात जोडले.

"घ्या, वैनी. मागल्या साली मी दिला न्हाई. देवू का म्हनलो तर मालक म्हनले आदी मोटार. पुन्हा खाली गेलतो, पुन्हा मोटार. आतून थाप यायची. मग यायची बंद झाली. आमाला वाटलं, निजल्या."

"सटवा!" यजमान ओरडले. पण त्या ओरडण्यात जोर नव्हता.

मी ओंजळ भरली. आणि आधी मी प्याले. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा, सवतीला न दाखवता, तिच्या आधी. पोटभर प्याले. मी जिवंत आहे, तिनं रागवायचं तर रागवावं. मग डबा उचलला आणि फाटलेल्या पडद्यातून उजव्या बाजूच्या सीटवर उरलेलं पाणी ओतलं.

सीटवरून एक थेंब खाली ओघळला नाही. चामडं नुसतं काळं झालं आणि लगेच कोरडं पडलं. लिंबाखालची माणसं कधी पांगली ते मला दिसलं नाही. बघितलं तेव्हा सावली रिकामी होती.

घाट मी पायी चढले. मोटार माझ्या मागून बैलगाडीच्या चालीनं येत होती. यजमानांनी मला पुन्हा बस म्हटलं नाही.

धारूरला अर्जुनरावांच्या दारात चार माणसं बसलेली होती. छबुबाईची आई, विमलबाई, भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी. तिनं माझ्यावरून तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. पायांना रस्त्यावरची माती होती. ती बघून तिनं आणखी एक धार सोडली.

अर्जुनराव म्हणाले, "पोरी, तू आमची लेकच. आता चौघांम्होरं सांग, मोटार कुनाची?"

यजमान माझ्याकडे बघत होते. आता सरळ माझ्याकडे. मला भिंतीला सांगितलेला निरोप आठवत होता. 'माझी' म्हटलं की घर होतं.

"तुमच्या लेकीची," मी म्हणाले. "ती मागे बसली आहे. तिला अजून कुणी उतरवून घेतलं नाही."

आणि जे ऐकलं, पाहिलं, ते मी उभ्या उभ्या सांगितलं. पहिला डबा, दुसरा डबा, आतली थाप. सटवानं मान खाली घालून हो हो म्हटलं. चौघांपैकी एकानं उठून जोडे घातले.

अर्जुनराव रडले नाहीत. विमलबाई दुसरा तुकडा घेऊन मोटारीशी गेली. फाटका पडदा वर केला. "छबू, उतर बाई. घर आलं."

आम्ही सगळे थांबलो. विमलबाईनं पडद्याआड कान लावला. मग तिनं हळूच पडदा सोडला.

"येत न्हाई म्हनती," ती म्हणाली. "तिला सासरी जायाचंय."

अर्जुनराव यजमानांपुढे आले. "जावयबापू, मोटार तुमची झाली. घेऊन जावा. दिलेली लेक आमी माघारी घेत न्हाई. ही मातर हितं ऱ्हाईल."

मी राहिले. मोटार हँडलाच्या एकाच फेऱ्यात चालू झाली, आणि उतारावरून जाताना इतक्या गोड आवाजात गेली की विमलबाईनं कान झाकले.

पंधरवड्यानं सटवा चालत आला. चाकरी सोडून. अंगणात बसला आणि तांब्या तोंडाला लावला तो रिकामा होईपर्यंत काढला नाही.

"आता तापत न्हाई," तो म्हणाला. "जाळीत पानी घालायाच लागत न्हाई, भरल्यालीच असती. घरातले रांजण मातर दुपारला कोरडे पडत्यात. तुमच्या आत्याबाई रातभर पानी मागत्यात. तुमच्या मामंजींनी निरोप धाडलाय, झालं गेलं विसरू, मोटार धाडतो, तिच्यात बसून ये."

"सांग, मोटारीत बसून येणार नाही."

"मी कावून सांगू? मी माघारी जात न्हाई."

"का रे?"

त्यानं रिकामा तांब्या पालथा ठेवला. मग म्हणाला, "मोटारीचा भोंगा रबरी हाय ना, वैनी. दाबायला मोठ्या मानसाचाबी जोर लागतो. मोटार गोठ्यात उबी असती, जवळ कुनी नसतं, आन् दुपारी तो दाबल्याला ऐकू येतो. आदी नुसती हवा जायची. अगदी तान्ह्या लेकराच्या हातानं दाबल्यावानी. मग थोडा वाजाया लागला. आता पुरता वाजतो." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "हात मोठा होतोय, वैनी."

त्याला दोन आठवडे झाले. विमलबाई मला दुपारी दार लावून घ्यायला सांगते, मी लावत नाही. उंबऱ्याशी कळशी भरून ठेवते. पाणी मागेल त्याला पाणी देईन. बस म्हणेल त्याला नाही म्हणेन, मग तो जिवंत असो की मेलेला.

कारण चार दिवस झाले, भर दुपारी घाटातून भोंगा ऐकू येतो. पहिल्या दिवशी अगदी पायथ्याशी होता. रोज एक वळण वर येतो. काल धारूरच्या किल्ल्याच्या भिंतीखाली वाजला. मी अंगणात उभी राहून नीट कान देऊन ऐकलं, सटवानंही ऐकलं.

भोंगा वाजत होता. इंजिनाचा आवाज मात्र कुठेच नव्हता.